एकाच ओळीवर दोघं

"माझा अख्खा तक्ता तुम्ही पुसलात," तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला. आवाज अगदी शांत... आणि तेच जास्त लागलं.

मी तळ्यांचं पाणी तपासते, तो माझ्या आकड्यांचे आलेख काढतो. प्रयोगशाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये माझी फाइल त्याच्या फाइलवर सेव्ह झाली होती. आता आपली खैर नाही, म्हटलं! पण त्याने खुर्ची ओढली आणि मला गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकवलं. प्रत्येक बदल पाठवायचा, तो का केला तेही सोबत लिहायचं; मग जुनं काही हरवत नाही. त्या दिवसापासून तो माझा मास्तर झाला.

मास्तरांच्या नोंदी मी चहाबरोबर वाचायचे. "तिसऱ्या तळ्याचा आकडा पुन्हा तपासावा. ऊन फार आहे, टोपी न्यावी." कामाच्या नोंदीत कोणी असं लिहितं का? मी लिहायचे, "तपासला. टोपी नेली." आणि दिवसभर उगाच हसत राहायचे.

मग आमच्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं, पुढच्या वर्षी इथे एकच जागा आहे. शोधनिबंधावर ज्याचं नाव आधी, तो राहील. नावं तुम्हीच ठरवा.

मी मन घट्ट केलं, निबंधातल्या लेखकांच्या रिकाम्या ओळीत त्याचं नाव आधी टाकलं आणि पाठवलं. संगणक अडून बसला. हीच ओळ दुसऱ्यानेही बदलली आहे, कोणती ठेवायची? दोन्ही समोर दिसत होत्या. माझ्या ओळीत तो आधी, त्याच्या ओळीत मी.

मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता.

"हे काय, मास्तर?"

"चिखलात तुम्ही उतरलात. नाव तुमचंच आधी."

"आणि तुम्ही गेलात तर... माझं काय?"

बोलून गेले. जीभ चावली, पण आता काय उपयोग!

तो उठला, खुर्ची ओढून शेजारी बसला.

"तुझंच राहू दे," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझं'! "मी दुसरीकडे नोकरी बघतो. सुटीच्या दिवशी... तुझ्याकडे येऊ?"

"कामासाठी?"

"नाही."

माझे डोळे भरून आले. तो जाणार होता, आणि मला तो हवा होता. मी त्याची ओळ ठेवली, माझी काढली. बदलाचं कारण लिहायचं होतं. लिहिलं — "या वेळी त्याचं ऐकलं. यापुढे त्याने माझं ऐकायचं, जन्मभर."

त्याने वाचलं. कान लाल झाले.

"अगं, या नोंदी मॅडमही वाचतात..."

"वाचू देत," मी म्हणाले, आणि पाठवून दिलं.