आडवी आलेली बाई

दारात एक माणूस उभा होता, आणि काही केल्या हलत नव्हता.

बाई तिथवर पोचली तेव्हा तिचा पारा आधीच चढलेला होता. तिच्या रागाबद्दल लोक वाटेल ते सांगतात. ती चिडली की भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे पळतं, नळाचं पाणी आपोआप कोमट होतं... यातलं निम्मं खोटं असेल. पण त्या सकाळी ती उपचार केंद्राच्या व्हरांड्यातून, चालायचा सराव घेतात त्या हॉलकडे निघाली आणि वाटेतल्या तीन खुर्च्या आपण होऊन भिंतीला चिकटल्या, हे तिथल्या झाडूवालीनं शपथेवर सांगितलेलं आहे. शपथेला तरी मान द्यायला हवा.

वय चौतीस. शाळेत कवायत शिकवायची. सातशे मुलांना माईकशिवाय 'सावधान' करणारा गळा. म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. आठ महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची एक गुठळी अडकली आणि डाव्या पायाचा पंजा वर उचलायचंच विसरला. पाऊल टाकलं की तो फरशी पुसत यायचा. उजव्या हातात काठी. कमरेला जाड पट्टा, आणि तो मागून धरून चालणारी फिजिओताई. "गुरं नेतात तशी नेते मला," असं बाई जो भेटेल त्याला सांगायची. त्यांच्या मागे दादा, म्हणजे बाईचा थोरला भाऊ. पिशवी, पाण्याची बाटली आणि काळजी एवढं सगळं सामान घेऊन. दर चार पावलांनी तो "सावकाश" म्हणायचा आणि दर चार पावलांनी बाईचे दात आवळले जायचे.

तर दारातला माणूस. उंच, अडतिशीचा, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं. बाईनं त्याला बाजूला व्हायला सांगितलं. त्यानं मागे न बघताच फार अदबीनं उत्तर दिलं.

"झालो असतो हो. पण पाय ऐकत नाहीयेत."

त्याचा तो पहिलाच दिवस. ताईचे दोन्ही हात बाईच्या पट्ट्यात गुंतलेले. हॉलमधली मंडळी भली. कुणी खुर्ची सरकवली, कुणी वॉकर ओढून घेतला, दादानं तर "घ्या, वेळ घ्या" असा धीरही दिला. समोरची फरशी मैदानासारखी मोकळी झाली, आणि तो माणूस जास्तच खिळला. टाचा थरथरत होत्या, बूट जाग्यावर.

बाईचा संयम तसा मोजकाच असायचा, तो संपला. तिनं त्याच्या बाजूनं काठी पुढे खुपसली, त्याच्या बुटांसमोर आडवी धरली आणि म्हणाली, "इथंच मुक्काम करायचाय ना? मग फाटकच लावते."

त्यानं काठीकडे पाहिलं. पाय उचलला. काठी ओलांडली. आणि निघाला की — सरळ, झपाझप, पार समोरच्या भिंतीपर्यंत. भिंतीला हात लावून वळला तेव्हा त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते.

"पुन्हा एकदा कराल?" त्यानं विचारलं.

हा आपली चेष्टा करतोय असं वाटून बाई त्याला इतकं बोलली, इतकं बोलली, की ताईनं तिच्यासाठी रक्तदाबाचं यंत्र मागवलं.

मग ताईनं दोघांनाही समजावलं. त्याला कंपवात होता, ऐन तारुण्यात आलेला. सपाट, मोकळी जमीन दिसली की त्याच्या मेंदूला पहिलं पाऊल सापडत नाही. दारात तर हमखास नाही. पण ओलांडायला काही समोर आलं की पाऊल आपोआप उचललं जातं. धंदा त्याचा कुलपं दुरुस्त करण्याचा. तोच म्हणायचा, जन्मभर लोकांची दारं उघडली, आता एकेक दार सूड घेतंय.

बाईचं दुखणं वेगळं होतं आणि तिची घाईही. तिचं घर पहिल्या मजल्यावर, तेवीस पायऱ्या चढून. आजारपणापासून ती दादाकडे तळमजल्यावरच्या खोलीत होती. दादा-वहिनींनी मायेनं खोली सजवली होती, खिडकीशी आरामखुर्ची ठेवली होती, आणि ती खुर्ची बघितली की बाईला ती पेटवून द्यावीशी वाटे. शेवटी दादानं अट घातली. दहा आठवड्यांनी केंद्रात चाचणी आहे. व्हरांड्यात वीस मीटर, न थांबता, हातात काठी आणि पट्ट्याला एका माणसाचा आधार. त्यात पास झालीस तर जा आपल्या घरी. नाहीतर तुझ्या घराला भाडेकरू बघतो. दादा वाईट नव्हता. चांगल्या माणसांचा राग जास्त येतो, एवढंच.

दहा आठवडे. हॉलच्या छताला रूळ होता, त्यावरून सरकणाऱ्या पट्ट्यांत माणसाला अडकवलं की अर्धं वजन छत उचलायचं. बाई त्यात लटकून चालायची आणि शिव्या घालायची — पट्ट्याला, पायाला, आणि सगळ्यात जास्त "किती छान!" म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना. चाळीस मुलींचा मनोरा उभा करणाऱ्या बाईनं एक पाऊल टाकलं म्हणून टाळ्या? कुलूपवाला मात्र कधी छान म्हणाला नाही. तो बाकावर बसून आपल्या पाळीची वाट बघायचा आणि निरखायचा.

"आज तुमचं डावं पाऊल झाडू मारत नव्हतं," एकदा तो म्हणाला.

"मग काय करत होतं?"

"नुसती फुंकर घालत होतं."

बाईनं घाईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बारीक पाऊस होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण हसू लपवायला खिडकी लागते.

त्याचे पाय अडकले की ती काठी आडवी टाकायची, अगदी तुच्छतेनं, जणू कुत्र्याला पोळी टाकतेय. ताईनं त्याला फरशीवर पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या, कानात ठोके वाजवणारं यंत्रही दिलं होतं. ते लावायला तो हटकून विसरायचा, आणि बाई आली की हटकून अडकायचा. सगळंच अडकणं खरं होतं की नाही, ते त्याचं तोच जाणे.

"एक गंमत सांगू?" एका दुपारी त्यानं विचारलं. "सगळे माझ्या वाटेतून बाजूला होतात. लग्न ठरलं होतं, तीसुद्धा अगदी अदबीनं बाजूला झाली. तुम्ही तेवढ्या आडव्या येता."

"मांजरासारखी?"

"मांजर आडवं गेलं की काम अडतं. तुम्ही आलात की..." तो थांबला. या वेळी पाय नव्हे, जीभ अडकली होती. आणि तिथं टाकायला बाईकडे काठी नव्हती.

त्या रात्री बाईला झोप लागली नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

चाचणीचा दिवस उजाडला. ताईनं पट्टा धरला, दादा घड्याळ घेऊन भिंतीशी. बाई निघाली. टाच, पंजा, टाच, पंजा. पाच मीटर, दहा मीटर. पंजा फरशीला लागत नव्हता. पंधरा. व्हरांड्याच्या टोकाला झुलतं दार होतं आणि त्याच्या चौकटीत कुलूपवाला. तो तिला बघायला आला होता. वाटेत नको म्हणून बाजूला व्हायला गेला आणि नेमका चौकटीतच खिळला.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून गडगडाट ऐकू आला. दाराच्या काचेपलीकडून धुतलेल्या चादरींची ढकलगाडी येत होती, ढीग इतका उंच की ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नव्हतं. ताई ओरडली, दादा ओरडला. गाडीच्या चाकांच्या आवाजात कुणाचंच काही पोचलं नाही.

बाई ओरडली नाही. तिनं काठी फरशीवरून सरकवून दिली. ती जाऊन त्याच्या बुटांसमोर आडवी पडली. त्यानं पाय उचलला, ओलांडला, आणि चार ढांगांत भिंतीशी. दार धाडकन उघडून चादरींचा डोंगर निघून गेला.

आणि बाई उभी होती. ताईच्या पट्ट्यावर, काठीशिवाय, सोळाव्या मीटरला. थांबलेली. ताईनं फार वेळ कागदाकडे पाहिलं. पण कागदावर 'न थांबता' असंच छापलं होतं, आणि चाचणी पुन्हा तीन महिन्यांनी.

दादा म्हणाला, चल, वहिनी वाट बघत असेल. तो हे हळू म्हणाला, आणि तेच जास्त झोंबलं. बाईनं सगळा राग कुलूपवाल्याकडे वळवला.

"अरे, आजच, आत्ताच, तिथंच पुतळा व्हायचं होतं तुला?"

अहोचं अरे कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. पण त्याला कळलं. आणि तो गरीब, अदबशीर माणूस पहिल्यांदाच भडकला.

"मी सांगितलं होतं काठी टाक म्हणून? पडलो असतो. सवय आहे मला पडायची. तुझं घर गेलं त्यापायी, कळतंय का?"

"मला नाहीये सवय."

"कसली?"

"तुला पडताना बघायची."

पावसाचं पाणी पन्हळीतून टपटपत होतं. बाईचे कान लाल झाले होते.

"आता यावर किती छान म्हणालास तर बघ," ती म्हणाली.

"नाही म्हणत. मूर्खपणा केलास."

"केला."

मग तिला आणखी एक राग सुचला, आणि तो सगळ्यात कामाचा निघाला. ती दादाकडे वळली.

"माझ्या घराला व्हरांडा आहे का रे दादा? जिना आहे. मग वीस मीटर सपाट चालून मी काय सिद्ध करणार होते?"

दादा गोंधळला. तेवढ्यात कुलूपवाला म्हणाला, जिन्याचं माझ्याकडे लागलं. दादानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू विचारतोय, की दाराशी खांब होणारा हा इसम जिन्यावर काय दिवे लावणार. पण ताईनं मान हलवली. खरंच आहे, ती म्हणाली. सपाट जमिनीवर अडणारे पुष्कळ लोक जिना बिनबोभाट चढतात. प्रत्येक पायरी म्हणजे ओलांडायला समोर आलेली आडवी काठीच. हॉलमधल्या सरावाच्या लाकडी पायऱ्या चढताना तिनं दोघांनाही पाहिलं होतं. फक्त खाली मी उभी राहणार, तिनं बजावलं.

दादालाही राग येत असे, फक्त क्वचित. तो म्हणाला, ठीक आहे, तेवीस चढून दाखव. चढलीस तर राहा तिथंच, मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण एक जरी पायरी उचलून न्यावी लागली, तर आज संध्याकाळपासून भाडेकरू शोधतो.

असे ते चौघं त्या जिन्याखाली आले. बाईचा उजवा हात कठड्यावर. कुलूपवाला एक पायरी खाली, तिच्या डाव्या अंगाला, मुठीत पट्टा. त्यांच्या खाली ताई, ताईच्या खाली दादा, झेल घ्यायला उभं राहतात तसे हात पसरून. चढताना चांगला पाय आधी, मग वाईट. बाई प्रत्येक पायरीला काहीतरी बोलत होती. कठडा गंजका होता, पायऱ्या बांधणाऱ्याला माप माहीत नव्हतं, पट्टा फार घट्ट धरला होता. पट्टा सैल झाल्यावर सैल का धरला म्हणून. मागच्या माणसाचा श्वास तिच्या खांद्याशी ऐकू येत होता, आणि त्याचे पाय एकदाही अडले नाहीत.

चौदाव्या पायरीवर वळण होतं. ताईनं दोन मिनिटं विसावा घ्यायला लावला. दोघं शेजारी टेकले. ताई कठड्याचे नट तपासू लागली, जणू त्यासाठीच आली होती. दादा छताकडे बघत होता.

"उतरायचंसुद्धा असतं हं जिना," कुलूपवाला हळूच म्हणाला. "आणि पुन्हा चढायचा. रोज."

"माहितेय."

"रोज कुणीतरी लागेल."

"हे बघ, मी कुणाला ये म्हणणार नाही. हात पसरायचा मला राग येतो."

"मग मी विचारतो." त्यानं पट्ट्याच्या टोकाशी जरा चाळा केला. "माझे हात एखाद्या दिवशी चहाचा कपही धरत नाहीत. पुढं आणखी बिघडतील. हे माहीत असून... राहू?"

बाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कठडा धरून उठली.

"नऊ पायऱ्या उरल्यात. वर पोचल्यावर सांगते."

तो एक पायरी खाली गेला, पट्टा धरला. चांगला पाय, मग वाईट. पंधरा. कपाळावर घाम, ओठ घट्ट. सोळा. तिथं ती थांबली.

दादाला वाटलं, दमली, संपलं. तो दोन पायऱ्या धावत वर आला. पण ती दमली नव्हती. तिला वर पोचेपर्यंत दम निघत नव्हता.

"राहा," ती म्हणाली. मागे न वळता, पण अशा आवाजात की तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही हो," दादा पिशवी सावरत म्हणाला. "आमच्या बहिणीचं लग्न ठरतंय. सात पायऱ्या बाकी आहेत. जरा जिना मोकळा ठेवा."