मा फिफीनच्या दुकानापाशी उतरा

रोझोच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य बंदराच्या, धक्क्यावर जहाजातून उतरलेल्या पाहुण्याला पहिली सावली मिळते ती माहिती-खिडकीच्या पत्र्याची. त्या खिडकीत व्हर्नीस लारोंड बसायची. तिचा अनुभव असा होता, की माणूस कुठल्याही देशातून येवो, तो एकूण सातच प्रश्न विचारतो, आणि त्यांतले तीन संडासाबद्दल असतात.

म्हणून तिने सगळी उत्तरं एका घडीच्या पत्रकात लिहून काढली. नळाचं पाणी पिता येतं. अमेरिकन डॉलर चालतात, सुटे मात्र इथल्या पैशांत मिळतील. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, निदान चालकांचं म्हणणं तसं आहे. लष्करी छापाचे कपडे घालू नका, कायद्याने मनाई आहे. जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस. आणि सर्वांत वर, जाड अक्षरांत, नियम पहिला: कुणालाही काहीही विचारण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणा, बारानंतर 'गुड आफ्टरनून' म्हणा. बसमध्ये चढलात तर सगळ्या बसला म्हणा. त्याशिवाय इथे उत्तर मिळत नाही.

पत्रकाच्या दोन हजार प्रती छापून आल्या. वरिष्ठ अधिकारी मिस्टर तुसें यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि म्हणाले, "उत्तम. एक चूक नाही." मिस्टर तुसें यांच्या तोंडून असं वाक्य पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. व्हर्नीसची नोकरी सप्टेंबरअखेर पक्की होणार होती. त्याआधी एका जरी पाहुण्याचं जहाज पत्रकापायी चुकलं, तर होणार नव्हती. तेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता हेस्केथ खिडकीपाशी आला. हेस्केथ बेल-रोशच्या बसचा चालक. पन्नाशीचा, पोट स्टिअरिंगला टेकणारा. पत्रकात आपलं नाव आहे असं त्याने ऐकलं होतं आणि ते शोधायला तो आठवडाभर सवड काढत होता.

"कुठे आहे गं? हां. 'बेल-रोशच्या धबधब्याकडे: हेस्केथच्या बसने जा, मा फिफीनच्या दुकानापाशी उतरा. दुकान रोज उघडं असतं. तिथून आंब्याच्या झाडाशी डावीकडे वळा.' वा! अगदी बरोबर." त्याने पत्रक घडी करून खिशात घातलं. मग परत काढलं. "व्हर्नीस."

"काय?"

"मा फिफीनचं दुकान नदीत गेलं ना?"

व्हर्नीसने पत्रक त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"आंबाही गेला," हेस्केथ म्हणाला. "आंबा आधी गेला. मग दुकान."

यात व्हर्नीसचं एकटीचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्या बेटावर पत्ता सांगायची रीतच तशी. जुन्या गिरणीशी वळ, म्हणजे गिरणी होती तिथे. पिवळ्या घरासमोर थांब, म्हणजे घर होतं तिथे, आणि तेही शेवटी निळं होतं. मोठं वादळ अर्धं बेट उचलून घेऊन गेलं, पण पत्ते जागचे हलले नाहीत. बोलताना हे सगळ्यांना कळतं. परक्या माणसाला छापून द्यायचं नसतं, एवढंच. आणि मिस्टर तुसें यांनी चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचूनही त्यांना ते खटकलं नव्हतं, कारण तेही इथलेच.

"आज कुणी गेलं का तिकडे?" तिने विचारलं.

"तिघं. साडेअकराच्या बसने. एक म्हातारं जोडपं आणि एक पोरगा. म्हातारी म्हणाली, मा फिफीनच्या दुकानापाशी सोडा. सोडलं."

"कुठे सोडलंस?"

"मा फिफीनच्या दुकानापाशी!" हेस्केथ चिडून म्हणाला. मग त्यालाच ऐकू आलं आपण काय बोललो ते. "म्हणजे... वळणावर. दगडांत."

"बसमधलं कुणी बोललं नाही?"

"सगळी बस म्हणाली, हो हो, इथेच."

म्हातारं जोडपं व्हर्नीसला चांगलं आठवत होतं. क्लासेन्स. ती उंच आणि हसरी, तो काठीवर भार देणारा. जाताना बाई म्हणाल्या होत्या, "पाचच्या आत आणा हं आम्हाला. यांच्या हृदयाच्या गोळ्या जहाजावर राहिल्यात." जहाजाचा जिना पाचला वर उचलतात. बेल-रोशच्या वळणावर फोन लागत नाही. हेही पत्रकात होतं.

व्हर्नीसने खिडकी लावून घेतली.

बस चढणीला लागल्यावर हेस्केथ म्हणाला, "नोकरीची काळजी करू नकोस. फार तर माझ्या बसवर तिकिटं फाडशील."

"तू तिकिटं देतच नाहीस."

"म्हणून तर जागा रिकामी आहे."

ती हसली नाही. ती मूळची बेल-रोशचीच होती. मा फिफीन शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिने दुकान टाकलं तेव्हा व्हर्नीस आठ वर्षांची होती. कानामागे पेन्सिल, आणि समोर येईल तो मजकूर दुरुस्त करायची खोड. साबणाच्या वेष्टनावरच्या चुकासुद्धा ती सोडायची नाही. दुकान ती कधी बंद ठेवत नसे. रविवारी नाही, नवऱ्याच्या मयताच्या दिवशी नाही. फक्त एकदा, वादळाच्या आदल्या सकाळी, तिने दाराला पुठ्ठा लावला: उद्या बंद. रेडिओ म्हणत होता, वादळ उत्तरेला सरकेल. लोक पुठ्ठ्याला हसले, कुणी खिडक्यांना फळ्याही ठोकल्या नाहीत. पाच घरं हसली नाहीत, ती अंथरुणं घेऊन वरच्या शाळेत झोपायला गेली. त्यांत व्हर्नीसचं घर होतं. रात्री नदी आली. मा फिफीन सापडली नाही. तिच्या दुकानाचं एक बिजागरसुद्धा सापडलं नाही.

वीस मिनिटं कमी चारला ते वळणावर पोचले. हेस्केथने सवयीने दोनदा हॉर्न दिला. मा फिफीनला बस आल्याचं कळावं म्हणून तो पूर्वीपासून इथे दोनदा हॉर्न द्यायचा. द्यायचं थांबावं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला पोरगा बसला होता. टोमॅटोसारखा भाजलेला, आणि चड्डी लष्करी छापाची.

"तुम्ही ते पत्रकवाले का?" तो उठत ओरडला. "इथे काही नाहीये! तीन तास मी दगड बघतोय!"

"गुड आफ्टरनून," व्हर्नीस म्हणाली. "ते दोघं कुठे आहेत?"

"मला काय माहीत? माझ्याबरोबरच उतरले. ती बाई पत्रक उघडून म्हणाली, नियम पहिला. मग दोघांनी त्या दगडांकडे तोंड करून 'गुड आफ्टरनून' म्हटलं. हसत होते वेड्यासारखे. मी वाट शोधायला वर गेलो, चार पावलं. वळून बघतो तर नाहीत."

"तू म्हणालास का?"

"काय?"

"गुड आफ्टरनून."

"कुणाला? दगडांना?"

हेस्केथने व्हर्नीसकडे पाहिलं. मग पोराच्या चड्डीकडे पाहिलं. "याने पत्रक वाचलेलंच नाही," तो म्हणाला.

नदी आता लांब, पलीकडच्या काठाने वाहत होती. अलीकडे नुसते गोटे, बैलाच्या डोक्याएवढे, उन्हात पांढरे पडलेले. मधून रानआलं उगवलं होतं. म्हाताऱ्या माणसाची काठी दहा पावलंसुद्धा चालणार नाही अशी जागा. व्हर्नीसने दोघांना नावाने हाका मारल्या. हेस्केथने मारल्या. पोराने शिट्टी वाजवली. गोट्यांवर सरडाही हलला नाही.

चार वाजायला दहा मिनिटं उरली.

"पोलिसांना सांगावं लागेल," हेस्केथ हळूच म्हणाला.

व्हर्नीसच्या डोळ्यांसमोर मिस्टर तुसें आले नाहीत. तिला जहाजावरच्या खोलीत, उशाशी ठेवलेली गोळ्यांची डबी दिसली.

ती गोट्यांच्या कडेशी गेली. लहानपणी इथे तीन पायऱ्या होत्या. तिने फ्रॉक सारखा केला. खुळचटपणा होता, पण तिने स्वतः लिहिलेला नियम होता तो.

"गुड आफ्टरनून, मा फिफीन," ती म्हणाली.

आधी वास आला. गरम तेलाचा, तळलेल्या पिठाचा, वर किसलेल्या जायफळाचा.

पोरगा म्हणाला, "कुणी काहीतरी तळतंय."



मग गोट्यांच्या मधोमध मिस्टर क्लासेन्स उभे होते. आले नाहीत, उभे होते. त्यांनी मान खाली घातली, खांदे आखडले, आणि बुटक्या चौकटीखालून निघावं तसे वाकून पुढे आले. मग सरळ झाले. मागोमाग बाई निघाल्या. त्याही तिथेच वाकल्या.

दोघं सावकाश खाली उतरली. एक, दोन, तीन.

व्हर्नीसने मोजल्या.

"अगं, तू इथे!" मिसेस क्लासेन्स म्हणाल्या. "बघा, मी म्हटलं ना हॉर्न वाजला. त्या म्हणाल्या, बसा, हेस्केथ दोनदा वाजवेल तेव्हाच उठा."

व्हर्नीसने पुढे होऊन म्हाताऱ्याचा दंड धरला. दंड ऊबदार होता, जड होता, घामाने ओला होता. बसच्या दारापर्यंत तिने तो सोडला नाही. हेस्केथने टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा घातली. कुणाला काही विचारायचं नाही हे दोघांनी न बोलता ठरवलं. माणसं मिळाली होती. वेळ होती चार वाजून दोन मिनिटं.

उतारावर हेस्केथने बस अशी सोडली की पोरगा आपोआप नम्र झाला. मिसेस क्लासेन्स अखंड बोलत होत्या. काय गार दुकान! काय सावली त्या आंब्याची! धबधबा राहिलाच, पण पुढच्या वेळी. यांना दम लागला होता, तर त्यांनी पाय वर करून झोपवलं, कसलासा पाला उकळून दिला. "आणि तुझी चौकशी करत होत्या. म्हणाल्या, व्हर्नीस मोठी झाली, पण स्वल्पविराम अजून कुठेही टाकते."

व्हर्नीस खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नक्की कशाचं हे तिला सांगता आलं नसतं. भीतीचं मात्र नव्हतं.

पाच मिनिटं कमी पाचला जोडपं जिना चढलं. पोरगा मागून चढला, आणि वरून ओरडला की तो तक्रार करणार आहे. "चड्डीबद्दल आधी उत्तर द्यावं लागेल!" हेस्केथ खालून ओरडला. तक्रार आली नाही. म्हातारा कठड्यावरून काठी हलवत होता. जहाजाने भोंगा दिला, दोर सुटले.

मिसेस क्लासेन्स यांनी जाताना तिच्या हातात दोन गोष्टी दिल्या होत्या. एक खाकी कागदाचं पुडकं. दुसरं त्यांचं पत्रक. "त्यांनी तपासून दिलंय," त्या म्हणाल्या होत्या.

पुडक्यात चार बेक्स होते, जाड पुरीसारखे फुगलेले, तळलेले. हेस्केथने एकाला बोट लावून पाहिलं.

"खायचे?" व्हर्नीसने विचारलं.

"गार असते तर मी हात लावला नसता," तो म्हणाला आणि एक तोंडात घातला. थोडा वेळ त्याचे डोळे मिटलेले होते. "तीच," तो म्हणाला. "जायफळ जास्त."

धक्क्यावर पाय सोडून दोघांनी चारही संपवले. मग व्हर्नीसने पत्रक उघडलं. पेन्सिलीचं ते अक्षर तिच्या पाटीवर तीन वर्षं होतं, ते तिला ओळखावं लागलं नाही. अकरा स्वल्पविराम काढले होते. 'गाड्या डाव्या बाजूने' याच्यापुढे 'हेस्केथ सोडून' असं लिहिलं होतं. परतीच्या बसची वेळ तीन चाळीस होती, तिथे 'तो पंचावन्नला येतो'.

"हे खोटं आहे," हेस्केथ म्हणाला. मग म्हणाला, "बरं, छाप."

वळणाच्या मजकुरात दुकान तसंच होतं, आंबाही तसाच. शेजारी बरोबरची खूण होती. व्हर्नीस मोठ्याने हसली. छापलेल्या दोन हजार प्रती फेकायच्या नव्हत्या. नियम पहिला नीट वाचा, एवढं जाड अक्षरांत खाली घातलं तरी पुरे होतं. किती सुटल्यासारखं वाटत होतं तिला! मिस्टर तुसें यांचं वाक्य अजून खरं ठरू शकत होतं.

"झालं? एवढंच?" हेस्केथने विचारलं.

"एवढंच. नाही, थांब. इथे आहे एक."

'दुकान रोज उघडं असतं' या ओळीखाली रेघ होती, आणि समासात, नीटनेटक्या अक्षरांत: 'चौदा सप्टेंबर बंद'.

व्हर्नीसने ते दोनदा वाचलं. हेस्केथने तिच्या खांद्यावरून वाचलं. समोर समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता आणि जहाज क्षितिजावर बोटाएवढं झालं होतं.

हेस्केथने खाकी कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"खिडक्यांना ठोकायचं प्लायवूड उद्याच आणतो," तो म्हणाला. "तुझ्या आईसाठी किती आणू?"