इथे थांबा

शाळा सुटली की दप्तर पलंगावर भिरकावून ती थेट कॉम्प्युटरसमोर! काम मात्र झाडूपोछ्याचं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात, जुन्या मंडळींनी कोडशेजारी कमेंट, म्हणजे समजुतीच्या टिपा, लिहून ठेवलेल्या असतात. कोड बदलतो, कमेंट तशाच पडून राहतात. त्या शिळ्या कमेंट ती पुसत होती.

"मशीन त्या वाचतच नाही ना? मग कशाला एवढा जीव काढतेस?" बाबांनी विचारलं.

"माणसं वाचतात, बाबा! आणि बदल स्वीकारला ना, की कर्नलमध्ये माझं नाव. कायमचं!"

एका फाइलमध्ये लिहिलं होतं : इथे थांबा. त्याला आधी जाऊ द्या.

थांबवणारा कोड केव्हाच काढून टाकलेला. 'तो' कोण, याचा कुठेच पत्ता नाही. तिने ओळ उडवली आणि बदल पाठवून दिला.

त्या भागाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांना ती मनात खडूसकाका म्हणायची. त्यांची मेल आली. "बाकी छान. ती ओळ राहू दे."

"का, सर?"

"तुझ्या वयाचा असताना मीही हेच विचारलं होतं."

"मग काय उत्तर मिळालं?"

यावर आलं ते एवढंच : "आधी ताडून बघ."

कमेंट पुसण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कर्नल तयार करून, चालवून ताडून बघायचे, हा नियम. तसूभरही फरक पडता कामा नये. तिने ताडून पाहिलं.

फरक होता.

जुना कर्नल सुरू होताना एका जागी क्षणभर अडखळायचा. नवा अडखळलाच नाही. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग रागच आला. तिने लिहिलं, "फरक पडतोय. का, ते सांगा. नाहीतर नुसत्या भीतीपोटी मी ती ओळ ठेवणार नाही."

"स्वीकारलं. तुझ्या नावावर," खडूसकाकांनी कळवलं.

ती खुर्चीतच उडाली. "बाबाऽ! झालं!"

बाबा चहाचा कप घेऊन आले, ते दारातच थबकले. जरा बाजूला सरले. मग आत आले.

"कोणाला वाट देताय?"

"मी? छे!"

दार रिकामं होतं. तिथे गार हवा साचली होती, बंद कपाटाच्या वासाची.  पण हनुवटी वर करून ती उठली.

"आधी मी," ती त्या दाराला ठणकावून म्हणाली.

आणि निघाली. बाबा हसत अंग चोरून बाजूला झाले. ती बाहेर पडली, वळून पाहिलं.

बाबा अजून तसेच उभे होते. कप छातीशी धरून ते आणखी थोडे मागे सरले.

मग त्यांनी तिच्यामागून येणाऱ्या कोणालातरी वाट मोकळी केली.