मिठावरून आणलेलं मोहोळ

आमच्या ओरू डोंगरातल्या मधमाश्या त्या हिवाळ्यात मेल्या. सगळ्या. टोपल्या उघडून पाहिल्या तर आत मूठमूठ काळा चुरा. मार्दीच्या झाडांना कळ्या धरू लागल्या होत्या. माशी नाही तर फळ नाही, आणि फळ नाही तर ओरूंनी डोंगर सोडून नदीकाठच्या मिंदा लोकांच्या होड्या ओढायला जायचं, इतकं ते सरळ होतं. म्हणून कळ्या उमलायच्या आत पलीकडच्या आन लोकांकडून एक जिवंत मोहोळ आणायचं ठरलं. मध्ये मीठरान होतं. वरून कडक पापुद्रा, खाली चिखल, आणि चिखलाला तळ आहे की नाही हे सांगायला कुणी परत आलेलं नव्हतं.

जायचं कुणी, यावर वाद झाला नाही. दुरोकमामा गावचा मधपाळ, माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याच्या हाताखाली मी, तिरवा, शिकत होते. मामा म्हणजे जुन्या रीतींचं गाठोडं. शिंक आली तरी आधी पूर्वेला वळायचा. ओझ्याला पेलू नावाचा मिंदा होडीवाला घेतला, कारण तो दणकट होता आणि भांडण न करता दिवसभर बोलू शकायचा. वाट दाखवायला यिस्सा. ती शेल लोकांतली. शेल मिठावर जन्मतात, मिठावर मरतात, आणि उरलेल्या जगाला ओलं म्हणून नावं ठेवतात.

मीठरानाच्या कडेला थांबून यिस्साने अंगाला माशाची चरबी चोपडली. तिच्या लोकांत त्याशिवाय कुणी मिठावर पाय ठेवत नाही. मग ती आमच्याकडे वळली.

"नीट ऐका. मी पाय टाकीन तिथंच पाय टाकायचा. बोटभर इकडं नाही, तिकडं नाही. जड ओझं मधे. आणि किती राहिलं, असं विचारायचं नाही."

"का बरं?" पेलूने विचारलं.

"अपमान असतो तो. मीठ काय तुझ्या बापाचं अंगण आहे, मोजायला?"

पुढे यिस्सा, मागे मामा, मग मी, शेवटी पेलू, असे आम्ही निघालो. यिस्सा प्रत्येक पावलाआधी टाच आपटायची, कान द्यायची, मगच भार टाकायची. मी मामाच्या मागे होते, पण त्याच्या पावलांत पाय टाकत नव्हते. बाजूबाजूने चालले होते. थोराच्या पावलात धाकट्याने पाय टाकला तर धाकटा त्याचं उरलेलं आयुष्य खातो, असं आम्ही ओरू मानतो. तसं करणाऱ्याला वेशीबाहेर काढतात, कायमचं. आमच्याकडे पोरं चालायला शिकतात तेव्हाच हे शिकतात.

कड्! माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. थंडगार चिखलाने तो असा धरला की जणू कुणी वाटच बघत होतं. पेलूने मागून कंबरेला विळखा घातला आणि मला उपटून काढलं.

यिस्सा आली ती तोंड सोडतच. "डोळे आहेत का नुसती भोकं? काय सांगितलं होतं मी?"

"तिचं चुकलं नाही," मामा शांतपणे म्हणाला. "मी थोरला आहे. माझ्या पावलात ती कसा पाय टाकेल?"

"म्हणजे मेली असती, पण चुकली नसती!"

"हो," मामा म्हणाला. त्याला त्यात वावगं काही दिसलं नाही.

यिस्साने आकाशाकडे पाहून शेल भाषेत काहीतरी म्हटलं. पेलूला ते कळलं असावं, कारण तो खाली बघून हसला. मग तोडगा निघाला. थोराने धाकट्यांच्या पावलात पाय टाकायला आमची हरकत नसते. परक्यांच्या पावलांना ही रीत लागत नाही, आणि आम्हा दोघा ओरूंत थोर मामा. तेव्हा मामाने सगळ्यांत मागे चालावं.

"शेवटच्या माणसाला थकलेलं मीठ मिळतं, म्हाताऱ्या," यिस्सा म्हणाली. "रिकाम्या हातांनी चालशील तर निभेल. ओझं घेऊन नाही."

मामाने मान हलवली. ओझं तेव्हा नव्हतंच.

पुढची चाल तशी सुरळीत झाली, एक पेलू सोडला तर. मिंदा माणूस पाणी पिण्याआधी घोटभर जमिनीला देतो. नदीकाठी ठीक आहे. मिठावर त्याने पहिला घोट ओतला तेव्हा यिस्साने बुधला हिसकावून घेतला.

"आता काय जमिनीला तहान लागली?"

"तिला नाही लागली म्हणून विचारायचंच नाही का, बाई?" पेलू म्हणाला. "पाहुणे आहोत आपण." त्याने आपल्याच वाट्यातून ओतलं, कमी प्याला, आणि तरीही बोलत राहिला.

आन लोक कड्यातल्या गुहांत राहतात. त्यांनी आम्हाला पाठ करून बसवून घेतलं. समोरासमोर बसणं ही त्यांच्यात भांडणाची सुरुवात असते. मामाला ही रीत फार आवडली. दोन मधपाळ एकमेकांच्या पाठीला पाठ लावून दिवसभर माश्यांविषयी बोलले. यिस्साला मात्र त्यांनी गुहेजवळ फिरकू दिलं नाही. तिच्या अंगच्या चरबीचा वास आला की माश्या पिसाळतात. ती खाली उन्हात बसून राहिली आणि आम्हाला ओलं म्हणत राहिली.

मोहोळ मिळालं. शेणाने लिंपलेली टोपली, तोंडाला गवताची जाळी, आणि आत दोरीला टांगलेली वेताची बारीक नळी. नळीत राणी होती. नळीच्या भोकांतून तिचा वास येत राहतो आणि बाकीच्या माश्या तिच्याभोवती गोळा होऊन राहतात. मामाने टोपली कानाशी धरली. माझ्या आठवणीत त्याला असं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

परतताना यिस्सा म्हणाली, "टोपली पोरीकडं दे. ती मधे चालते."

"मी उचलतो," मामा म्हणाला.

"ओझं शेवटी नको, सांगितलंय मी!"

"ओझं नाही ते. माझं गाव आहे." आणि त्याने टोपली छातीशी धरली. यिस्सा खूप बोलली. मीही बोलले. पण दुरोकमामाला पटवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. शेवटी आम्ही तसेच निघालो.

मीठरान निम्म्याहून जास्त ओलांडलं होतं. सूर्य वर आला होता आणि पांढऱ्या जमिनीवर डोळे ठरत नव्हते. पेलू कुठल्याशा मावशीच्या तिसऱ्या लग्नाची गोष्ट सांगत होता. मागे आवाज झाला. तडकण्याचा. मग आणखी एक. मी वळले.

मामा कंबरेपर्यंत आत होता! टोपली त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. त्याच्या पुढचा पापुद्रा फुटत आमच्याकडे येत होता, आम्ही ज्यावरून चाललो ती सगळी वाट चिखलात चालली होती.

"पळा!" यिस्सा ओरडली. आम्ही बाजूच्या कडक पट्ट्यावर उड्या घेतल्या. फूट थांबली.

पेलूने दोर फेकला. तो मामाच्या खांद्यावर पडला. मामाने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टोपली सोड आणि दोर धर!" मी ओरडले.

"आधी टोपली घ्या."

"मामा, बुडशील तू!"

"आधी टोपली, तिरवे!" चिखल बरगड्यांना लागला होता.

समोरून जाता येत नव्हतं. यिस्साने टाच आपटत, कान देत, मोठा वळसा घेतला. मी तिच्या पावलांवरून मागे. पेलू दोराचं टोक घेऊन माझ्या मागे. वळसा घेऊन आम्ही मामाच्या पाठीमागे, आमच्याच जुन्या वाटेवर पोहोचलो. ती पायांनी दाबली गेलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मीठ दुधावरच्या सायीसारखं पातळ होतं.

"मी पुढं गेले तर माश्या त्याला फाडतील," यिस्सा म्हणाली. "हा होडीवाला गेला तर दोघंही जातील. तूच हलकी आहेस. जुन्या पावलांतच जा."

मी खाली पाहिलं. त्या वाटेवरून शेवटचा चालला होता मामा. प्रत्येक खुणेवर त्याच्या रुंद पावलाचा ठसा होता.

मामाला मान वळवता येत नव्हती, पण काय चाललंय ते त्याला कळलं. "माझ्या पावलात टाकू नकोस!" तो ओरडला. "बाजूनं ये! तिरवे, बाजूनं!"

बाजूने गेले असते तर मीही आत गेले असते. गेलेच नसते तर तो. मला भीती वाटली, चिखलाची नाही, त्याच्या त्या पावलांची. मी पाय उचलला आणि त्याच्या पावलात टाकला.

मामा किंचाळला. मी दुसरं टाकलं. तिसरं. मीठ करकरलं, पण धरून राहिलं. शेवटी मी पालथी झाले आणि सरपटत त्याच्या पाठीशी पोहोचले. चिखल त्याच्या काखेला आला होता. टोपली मी घेतली असती तर तिच्या भाराने माझ्याखालचं मीठ तुटलं असतं आणि आम्ही तिघंही, तो, मी आणि मोहोळ, आत गेलो असतो. ती ओढून नेणं शक्य नव्हतं.

मग मी जाळी फाडली. आत हात घातला. माश्या मनगटापासून कोपरापर्यंत चढल्या, चावल्या, पुन्हा चावल्या. दोरी तोडली आणि राणीची नळी ओढून काढून गळ्यातल्या धाग्यात खोचली.

"काय केलंस?" मामा म्हणाला.

"राणी माझ्याकडं आहे. आता सोड!"

मग त्याने हात उघडले. टोपली तिरकी झाली, आणि आतून काळा ढग उठला! चिखलावर, आमच्या डोक्यांवर घोंगावत फिरला. मी डोळे मिटले, श्वास मंद केला आणि त्याच्या काखांखालून दोर घातला, चाचपडतच. गाठ बसली. तोवर माश्या माझ्या मानेवर, छातीवर उतरू लागल्या होत्या.

"ओढ!" यिस्सा ओरडली.

पेलूने होडी ओढायचं गाणं धरलं. मिंदा लोक गाण्याशिवाय काही ओढत नाहीत. प्रत्येक पालुपदाला मामा वीतभर वर येत होता. टोपली बुडाली. मामा निघाला.

उरलेला रस्ता मी बोलले नाही. गळ्यापासून कंबरेपर्यंत माश्यांचा जिवंत घोळका होता, तोंड उघडायची सोय नव्हती. यिस्सा वाऱ्याच्या खालच्या बाजूने, लांब राहून चालली. "दागिना शोभतोय हं," पेलू म्हणाला, आणि तोंडात पाणी घेऊन माश्यांवर बारीक फवारा मारत राहिला. ते त्याच्या वाट्याचं पाणी होतं. यिस्सा बघत होती, पण या वेळी बोलली नाही.

वेशीवर म्हातारी ओस्मी बसलेली होती. प्रवासाहून आलेल्या प्रत्येक ओरूला ती विचारते, आणि वेशीच्या दगडासमोर ओरू खोटं बोलत नाही. गाव गोळा झालं. पेलू आणि यिस्सा बाहेरच थांबले.

"कुणाचं रक्त सांडलं?"

"नाही," मामा म्हणाला.

"कुणाचं अन्न चोरलं?"

"नाही."

"कुणी थोराच्या पावलात पाय टाकला?"

माझे ओठ माश्यांनी झाकले होते. तरी मी हात वर करायला लागले. वेशीबाहेर जायचं तर मोहोळ आधी गावात देऊन जावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हिनं टाकला," मामा म्हणाला. "मी बोलावलं म्हणून."

थोराने आपण होऊन बोलावलं, तर ते आयुष्य खाणं होत नाही, देणं होतं. पण मग त्या थोराचं काम त्या क्षणापासून धाकट्याचं, आणि थोराने त्याला पुन्हा हात लावायचा नाही. मरेपर्यंत.

"बोलावलंस?" ओस्मीने विचारलं. "दगडासमोर सांगतोस?"

"हाक मारून बोलावलं," मामा म्हणाला. त्याचा आवाज जराही हलला नाही. यिस्साने पेलूकडे पाहिलं. दोघांनीही ते ओरडणं ऐकलं होतं. दोघंही गप्प राहिले.

मार्दी फुलली तेव्हा माश्या कामाला लागल्या होत्या. त्या वर्षी फळ विरळ धरलं, पण धरलं, आणि कुणालाही होड्या ओढायला जावं लागलं नाही. डोंगराच्या ज्या पायरीवर मधाच्या टोपल्या ठेवतात तिथं आता मी असते. मामा खालच्या बांधावर बसून ओरडतो. धूर फार झाला. टोपली वाकडी ठेवलीस. असं कुणी झाकण उघडतं का?

दुसऱ्या वसंतात मोहोळ फुटलं. नवा थवा निघाला आणि नेमका बांधावर, मामाच्या शेजारी जाऊन लटकला. बातमी कळताच मी धावले. थवा हातभर अंतरावर लोंबत होता. मामा दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला होता, आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

मी थव्याखाली टोपली धरली.

"हळू गं," मामा म्हणाला. "हळू."