खांद्यावरची चार बोटं

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली. यात काळोखी रात्र नाही की ओसाड बंगला नाही. गेल्या वर्षीचा एक मंगळवार, भर दुपारी साडेतीनची वेळ. हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं.

मी जुने फोटो दुरुस्त करते. चिरा बुजवायच्या, डाग काढायचे, उडालेले चेहरे परत आणायचे. गल्लीत मला 'फोटोंची डॉक्टरीण' म्हणतात. एका गिऱ्हाइकाने वडिलांच्या टकलावर केस उगवून मागितले होते. तेही दिले.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. एक दिवस अचानक म्हणाली, "ताईचा फोटो दाखव गं."

आई तर भावंडांत थोरली. तिला ताई कुठून येणार?

मामाला फोन केला. तो हसायलाच लागला. "अगं, आमची ताई तीच! वय झालंय आता. तू आपली हो ला हो करत जा."

पण आईने ध्यासच घेतला. जेवण सुटलं. "कुठेतरी एखादा असेल, शोध ना. एकदाच तिचं तोंड बघू दे. मग मी मोकळी."

शेवटी जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवतात त्या कचेरीत गेले. कारकुनाने बरेच आढेवेढे घेत जुनं रजिस्टर काढलं. आजोबांच्या नावापुढे एक मुलगी. आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

आणि दुसऱ्या रजिस्टरात तीच मुलगी... वय सहा. ताप.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही.

घरी येऊन आईच्या कानाशी हळूच ते नाव उच्चारलं. आई ढसाढसा रडली. तिला असं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"आमच्या आईने तिचे सगळे फोटो जाळले," ती म्हणाली. "तिला सहनच होत नव्हतं गं. नाव काढायचं नाही म्हणून मला शपथ घातली. तुझा मामा तेव्हा जन्मलाही नव्हता. एका फोटोत मी होते, म्हणून तो नुसता कापला. ताई माझ्या शेजारी उभी होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून."

मी भिंतीकडे पाहिलं.

तो फोटो मला पाठ होता. फ्रॉकमधली चार वर्षांची आई आणि वेताची खुर्ची. वीस वर्षांपूर्वी, आई नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा, मीच तो नवा करून दिला होता. डावी कड कात्रीने तिरकी कापलेली होती, ती सरळ केली. आईच्या खांद्यावर ओळीने चार फिकट डाग होते, तेही काढले. वाळवी लागलेला मूळ फोटो कचऱ्यात टाकला.

ते डाग नव्हते.

त्या मुलीचं या जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते मी साफ केलं. आई तेव्हा नव्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली होती. मग म्हणाली होती, "छान झालाय हं."

शपथ होती ना. दुसरं काय म्हणणार बिचारी!

त्या मंगळवारी मी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि आईच्या खोलीतच स्कॅनर मांडला. काही सापडणार नाही हे मला ठाऊक होतं. माझंच काम, मीच केलेलं. पण हातावर हात ठेवून बसवेना.

पहिला स्कॅन. खांदा स्वच्छ.

दुसरा. स्वच्छ.

तिसऱ्या वेळी रस्त्यावरचे आवाज थांबले. पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर ऐकू येईना. आईचा श्वाससुद्धा...

मी दचकून वळले. आई जागी होती. स्कॅनरकडे बघत होती.

आणि हसत होती.

मी स्क्रीनकडे पाहिलं. आईच्या खांद्यावर... चार डाग.

फोटो उचलला. फोटोवर काहीच नव्हतं.

मग स्कॅनरची काच पाहिली. काचेवर चार ठसे होते. ओले. लहान मुलाच्या बोटांचे. आणि त्यांच्या शेजारी, माझ्यादेखत, पाचवा उमटत होता... अगदी हळूहळू.

मी काय करावं?

पुसलं.

हाताची सवय हो! काचेवर डाग दिसला की फडकं फिरतं. पंचवीस वर्षं हेच करत आलेय. डोक्यात विचार येण्याआधीच हात फिरून गेला होता.

पंखा पुन्हा कुरकुरायला लागला. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. स्क्रीनवर पाहिलं तर खांदा कोरा.

"आली होती गं," आई म्हणाली. "का घालवलीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिचे पाय धरून रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली, पण बघत होती दुसरीकडेच.

त्यानंतर तिने फोटो मागितला नाही. पलंगाच्या अगदी कडेला सरकून झोपायला लागली, अर्धी जागा मोकळी सोडून. "पडशील," म्हटलं तरी ऐकेना.

मी रोज त्या मोकळ्या जागेकडे बघायचे. चादरीवर एक सुरकुती पडली नाही.

नवव्या दिवशी आई गेली. तशीच, कडेला झोपलेली.

मामाला यातलं काही सांगितलेलं नाही. रोज साडेतीनला मी स्कॅनर चालू करते. काच पुसत नाही. पण धुळीशिवाय काही दिसत नाही.

तुम्ही असल्या गोष्टी नेहमी वाचता. तुम्हाला कळत असेल, तर मला एवढंच सांगा... आईला आता ती भेटली असेल ना?

की तिथूनही मी तिला पुसून टाकलंय?