पंधरावा टोला

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. माझ्याकडे ती नाही. तारीख सांगते, लिहून घ्या. २ नोव्हेंबर १९८६, रविवार. सकाळचे नऊ वाजले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. गावात कौलारू चर्च. तिथं हे घडलं, माझ्या सख्ख्या मावशीसोबत. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी खुशाल पुढे वाचू नये.

मावशीचं नाव सत्यशीला. तेव्हा ती बत्तीसची. नवरा श्रीहरी भद्रावतीला कारखान्यात. सहा वर्षं त्याचं एकच पालुपद. "क्वार्टर भेटलं की तुले नेतो." नाताळला, ईस्टरला यायचा, दोन दिवस मटण खायचा आणि चालला परत. त्या वर्षी तर ईस्टरलाही फिरकला नाही. पण मावशीचा सगळा जीव त्या क्वार्टरमध्ये अडकलेला. भांडी घासूनपुसून ट्रंकेत भरून ठेवली होती. येत्या नाताळात तो नेणार, या एका आशेवर ती दिवस काढत होती. भोळी ती भोळीच!

चर्चची घंटा मावशी वाजवायची. मृतांच्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, आमच्याकडे एक रीत आहे. घरोघरचे लोक आपापल्या मेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर देतात. आमचे उपदेशक सोमाजी मास्तर भक्तीच्या वेळी चर्चमध्ये ती एकेक करून वाचतात. प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला. दोर मागच्या पडवीत. तिथून आतलं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. नाव ऐकलं की दोर ओढायचा.

त्या वर्षी चौदा नावं होती. मावशीनं आदल्या दिवशी यादी स्वतः मोजली होती.

चौदावा टोला दिला. दोर सोडला. पदराला हात पुसले.

आणि...

"सत्यशीला."

हात आपोआप वर गेला. बारा वर्षांची सवय! नाव आलं, दोर ओढला...

टण्ण.

टोला वाजून गेल्यावर तिला कळलं, आपण कोणाचा टोला दिला ते.

आणि अजून एक. तो आवाज सोमाजी मास्तरांचा नव्हता...

श्रीहरीचा होता.

ती धावत आत आली. श्रीहरी कुठेच नव्हता. मास्तर यादीची घडी करून खिशात ठेवत होते. एकानंही मान वळवून तिच्याकडे पाहिलं नाही.

प्रभुभोजनाची भाकर घ्यायला ती वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली. पाळकसाहेबांनी डावीकडच्या बायनाबाईला भाकर दिली... मग उजवीकडच्या रुखमाला दिली...

मधे मावशीचे दोन्ही हात पसरलेले. रिकामे.

भक्तीनंतर बाहेर चहा होता. सगळ्यांना कप मिळाला, हिला नाही.

"मास्तर, शेवटी कोणाचं नाव वाचलं जी?" तिनं विचारलं.

मास्तरांनी बायनाबाईकडे पाहिलं. "सत्यशीला कुठी हाय वो? घंटा तं वाजली."

"मले तं दिसली नाई बाप्पा सकाळपासून."

मावशी त्या दोघांच्या मधे उभी होती. हातभर अंतरावर.

"अवं बायना! मी इथीच आहो ना वो!" ती किंचाळली.

बायनाबाईनं चहावर फुंकर मारली.

दुसरी कोणी असती तर वेडी झाली असती. मावशी तशीच चालत बस थांब्यावर गेली. आवाज नवऱ्याचा होता ना, मग नवऱ्यालाच विचारायचं.

बसमध्ये कंडक्टरनं सगळ्यांची तिकिटं फाडली. तिला विचारलं नाही. मूलला एक जाडजूड बाई चढली आणि सरळ मावशीच्या अंगावरच बसायला लागली. मावशी दचकून उठली. चंद्रपूरपर्यंत उभी राहिली, पुढच्या बसमध्ये तर सीटवर टेकलीच नाही.

भद्रावतीला दुपारी तीनला उतरली. श्रीहरीनं पत्ता कधी दिलाच नव्हता, म्हणून विचार करून ती तिथल्या चर्चला गेली. चर्च बंद होतं. बाहेर मंडळीच्या बातम्यांची काचेची पेटी होती. आत दोन कागद.

पहिल्यावर मेलेल्यांची नावं. तिथं घरचं माणूस उभं राहून आपल्या मेलेल्याचं नाव स्वतः वाचतं, म्हणून नावापुढे वाचणाऱ्याचं नाव. अगदी शेवटी...

सत्यशीला. वाचणार, पती श्रीहरी.

दुसऱ्या कागदावर लग्नाची सूचना. आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार मंडळीपुढे नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. श्रीहरी, विधुर. वधू कमळा. पहिला रविवार, २ नोव्हेंबर. खाली त्याचा क्वार्टर नंबर.

विधुर! विधुर व्हायला बायको मेलेली लागते ना? मग मारली मेल्यानं. भर मंडळीत, बायबलसमोर उभं राहून मारली! आणि क्वार्टर त्याला दोन वर्षांपूर्वीच मिळालं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

मावशी शोधत शोधत त्या दारापाशी पोचली. दाराला नवा पडदा होता. आतून चकल्या तळल्याचा वास येत होता.

तिनं दार वाजवलं.

श्रीहरीनं उघडलं.

"मी आली जी," मावशी म्हणाली.

आतून बाईचा आवाज आला. "कोण हाय?"

श्रीहरी हलला नाही. त्याचे डोळे मावशीच्या तोंडावर होते... की तिच्या आरपार, मागच्या कडुनिंबावर? मावशीला सांगता येत नाही.

"कोणी नाई," तो म्हणाला.

दार लागलं. आतून कडी लागली.

मावशी पायरीवर बसली. शिंगाडे विकणारी एक म्हातारी रस्त्यानं चालली होती. ती थांबली.

"काऊन रडून राह्यली वो बाई? कोण गेलं?"

सकाळपासून पहिल्यांदा कोणाला तरी ती दिसली. तेव्हापासून सगळ्यांनाच दिसते.

सोमाजी मास्तरांनी पत्र टाकलं आणि तिथल्या पाळकांनी लग्न थांबवलं. श्रीहरी कमळाला घेऊन कुठे गेला, देव जाणे. त्या सकाळी टोले किती पडले विचाराल तर आमच्या गावात अजून भांडण होतं. अर्धे लोक चौदा म्हणतात, अर्धे पंधरा. मी स्वतः मृतांच्या दिवशी नावं संपेपर्यंत बाकाची कड घट्ट धरून बसते.

मागच्या वर्षी हिय्या करून मी मावशीला विचारलं, "खरं सांग, तू त्याला दिसली होतीस ना?"

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"पोरी, मी देवाले रोज एकच मागतो. त्या दिवशी मी खरंच मेली असन. मेली असन तं त्याले दिसली नसन. मंग तो माह्या तोंडावर खोटं नाई बोलला."