हिराबोळाला पाणी

नाशिकहून जव्हारला येणाऱ्या एसटीत एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर दोन कुंड्या ऐटीत बसल्या होत्या.

"यांचं तिकीट काढलंय का?" मी विचारलं.

"अर्धं," कुंड्यांचा मालक म्हणाला आणि त्याने मोठी कुंडी मांडीवर घेतली. छोटी न विचारता माझ्या मांडीवर दिली... तिथेच मी फसले.

तो दिपेश, जव्हारला क्लार्क. मी योगिता, सूर्यमाळच्या आदिवासी पाड्यावरची, जव्हारच्या शाळेत शिकवणारी. मोठ्या कुंडीत लोबान होता, छोटीत काटेरी हिराबोळ. दोन्ही वाळवंटातली, धूप-औषधाच्या डिंकाची झाडं. आमच्या पावसात ती जगवायची म्हणजे वेडेपणाच! पावसाळाभर त्याने ती पडवीत, विटांवर ठेवली. मी बघायला जायची. झाडं बघायला... असं मी सगळ्यांना सांगायची.

"हिराबोळ बाळंतिणीला देतात," मी एकदा म्हटलं. "तुझ्याकडे कोण आहे बाळंतीण?"

"अजून कोणी नाही," तो म्हणाला — आणि कानापर्यंत लाल झाला.

मग लोबानाचं पान चुरगळून त्याने माझ्या नाकाशी धरलं. बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली. खरं सांगते, इतकी सुखी मी कधीच नव्हते.

होळीनंतर त्याने ठरवलं. आधी नाशिकला जाऊन आईला आमच्याबद्दल सांगायचं, मग रविवारी सूर्यमाळला येऊन माझ्या बाबांशी बोलायचं. बाबांनी लगेच कोंबडा राखून ठेवला.

जाताना दिपेशने घराची किल्ली माझ्या हातात दिली. "हिराबोळाची पानं गळतील, गळू दे. झोपलंय ते झाड. पाणी अजिबात घालू नकोस."

पण ते उघडंबोडकं झाड मला बघवेना. आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात आई हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरते. हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही मिरचीच्या रोपाला घालतो. समोर काही सुकत असताना स्वस्थ बसायचं? छे! मी तांब्याभर घातलं. मग रोजच घालत राहिले.

शनिवारी तो परतला. हिराबोळाचं खोड मऊ पडलं होतं. दाबलं तर बोट आत गेलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "राहवलं नाही रे."

"असू दे." तो शांतपणे म्हणाला. "तुम्हा लोकांना पाणी मिळत नाही ना कधी... मग दिसलं की ओतायचंच."

ओरडला असता तर मी निमूट ऐकून घेतलं असतं.

"तुम्हा लोकांना?"

"तसं नाही गं... आई म्हणते, त्यांचं राहणं वेगळं, रीत वेगळी..." तो कुंडीकडेच बघत होता. "उद्याचं जरा पुढे ढकलू या का?"

"आणि तू काय म्हणालास आईला?"

तो खोडावरची ओली माती पुसत राहिला. रोपासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मात्र मी पाहिलं. मी किल्ली विटेवर ठेवली आणि निघाले. रस्त्यावर येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, कोंबडा सोडून द्या."

"का गो? पाव्हणा येत नाय?"

"नाही."



"तुझी आय सकाळपासून हंडं वाहते गो," ते हळूच म्हणाले. "त्याला पाय धुवायला. अजून खालीच हाय विहिरीवर... तिला काय सांगू?"